बॅटरी भरलेली होती

आप्पा, त्या दिवशी बॅटरी भरलेली होती. आदल्या दिवशी सकाळपासून मी ती स्वयंपाकघरात मिक्सरच्या प्लगवर लावून ठेवली होती, आणि आई वैतागून पाट्यावर चटणी वाटत होती. संध्याकाळी तुम्हीच मीटर लावून बघितलंत आणि म्हणालात, "व्हय, भरली. काढ आता." तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायला बसलं की पहिल्यांदा हेच येतं.

निपाणीतलं तुमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान पोटासाठी होतं. जीव मात्र हॅम रेडिओत, घरच्या सेटवरून दूरदेशीच्या अनोळखी माणसांशी बोलण्यात. बेळगावला कॉलेजात असताना मीही परीक्षा देऊन परवाना काढला, तेव्हा तुम्ही खडेबाजारातून माझ्यासाठी हेडफोन आणलात. डब्यावर माझं कॉलसाइन, परवान्याबरोबर मिळालेलं रेडिओवरचं अक्षरी नाव, लिहिलं होतंत. कोरून, ठळक. त्या अक्षरांवरून मी कितीदा बोट फिरवलं असेल.

मग तो रविवार. तवंदीचा डोंगर, झाडाला बांधलेली लांब तार, खाली हायवेवरच्या ट्रकांचा आवाज, आणि तुमचे चार-पाच मित्र चहाचा थर्मास घेऊन बसलेले. सेटवर पहिल्यांदाच मी बसलेय. पॉवर पाच वॅट ठेवलीय, कारण खांद्यावरून वर आणता येईल एवढीच ती बॅटरी. शंभर वॅटवर बोललं तर ती क्षणात बसणार. हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. आणि पॉवर वीसपट केली तरी ऐकणाऱ्याच्या सेटवर आवाजाचा जोर दाखवणारा काटा जेमतेम दोन घरं सरकतो, हेही. मी बोलावते, थांबते, पुन्हा बोलावते. आणि खरखरीतून एक माणूस उत्तर देतो, श्रीलंकेतून. माझं अर्धंच कॉलसाइन त्याला ऐकू आलंय. उरलेलं पुन्हा सांगा, म्हणतोय. मी तोंड उघडते तोवर तुम्ही माइक ओढून घेता.

"असल्या पुटपुटण्याला कोण ऐकणार? सरक तिकडं."

तुम्ही पॉवर पुरी केलीत, पहिलं वाक्य मोठ्यानं बोललात. दुसऱ्या वाक्याला सेटचा दिवा मंदावला आणि सगळं बंद पडलं.

"काय झालं वो?" मित्रांपैकी कुणीतरी विचारलं.

माझ्याकडं न बघता तुम्ही म्हणालात, "काय हुतंय! पोरीनं बॅटरीच चार्ज केली न्हाय नीट."

"आप्पा, भरलीवती की. तुम्हीच—"

"गप. चार माणसांत तोंड चालवू नगंस."

सगळे हसले. घरी आल्यावर मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. "मला काय म्हाईत न्हाय व्हय गं? पर बाप्या माणसाला असं खोटं पाडतंय का कोण?"

तिथं ते संपलं असतं. पण तुम्हाला तो किस्सा आवडायला लागला. माझ्या लग्नात तुम्ही तो व्याह्यांना सांगितलात. माझ्या मुलीच्या बारशाला सांगितलात. शेवटच्या आजारात, आवाज बसलेला असताना, सलाइन लावणाऱ्या नर्सलाही सांगितलात, आणि ती माझ्याकडं बघून हसली. मीही हसले. एव्हाना तुम्हाला तो खराच वाटत होता की काय, कळत नव्हतं. डोंगरावर तुम्ही मला परत कधी नेलं नाहीत. परवाना मी तसाच संपू दिला.

मुलगी मोठी झाल्यावर पुन्हा काढला. आता मी एकटीच जाते. बॅटरी हलकी मिळते आजकाल, पिशवीत मावते. पाच वॅटवर लोक उत्तर देतात, आप्पा. सगळे नाही, पण देतात. त्यांना सावकाश माझं पुरं कॉलसाइन सांगते.

परवा हॅम रेडिओवाल्यांच्या क्लबनं जुन्या मंडळींवर पुस्तिका काढायची म्हणून तुमच्याबद्दल दोन ओळी मागितल्या. मी लिहून दिलं, 'मला रेडिओ यांनीच शिकवला.' तेवढं खरं आहे, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.