दाराशी बसेल त्याने गेट उघडायचं

१२ ऑक्टोबर, पहाटे
निघालो. बाबांचा जुना पिकअप, एकच लांब सीट, तिघं. बाबा स्टिअरिंगवर, आई दाराशी, मी मधे, गिअरचा दांडा गुडघ्यांत. जागा मीच ठरवल्या. खाणीत मी यंत्रांची कंपनं मोजते. यंत्र बंद पडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, तो ओळखणं माझं काम. दोन धातू घासत असतील तर मधे रबर घालतात. इथे रबर मी.

आईने रीनो शहरात खोली भाड्याने घेतली आहे, एक नोव्हेंबरपासून. म्हणते, हिवाळ्यापुरती. नेवाडा आणि युटातली वाळवंटी पार्कं बघून परत येऊ, तेव्हा ती फोन करून खोली नको म्हणेल. हा अंदाज नाही. निष्कर्ष आहे.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ
पहिलं पार्क, ग्रेट बेसिन. डोंगरावरच्या एका जुनाट पाइनच्या झाडासमोर बाबा बराच वेळ उभे. आई म्हणाली, "हजारो वर्षं एकाच जागी उभं आहे, कुणाशी बोलत नाही. ग्रँट, तुझ्या घरचं दिसतंय." बाबा म्हणाले, "वठलंय जरा." आई म्हणाली, "तेच म्हणतेय मी."
संवाद झाला. विनोदासह. सुरुवात उत्तम.

१४ ऑक्टोबर
युटा. हायवे मुद्दाम टाळला. हायवेवर बाबा रेडिओ लावतात आणि आई डोळे मिटून घेते. मातीच्या रस्त्यांवर रेडिओ लागत नाही. पण गुरांसाठी घातलेली तारेची गेटं लागतात. नियम आमच्याकडे पहिल्यापासूनचा: दाराशी बसेल त्याने उतरायचं. आई हातमोजे चढवते, खांबाला खांदा लावून कडी काढते, तारा ओढत बाजूला नेते. बाबा गाडी पुढे काढतात. आई गेट लावते, येऊन बसते. एक शब्द नाही. मी मुद्दाम कान देऊन ऐकलं, कुठे खडखड आहे का. नाही. असं यंत्र मोडत नाही.

१५ ऑक्टोबर
संकल्प: उद्यापासून आई मधे, बाबांच्या शेजारी. तिला सांगितलं. म्हणाली, "मी मधे बसले तर गेट कोण उघडणार? तू?" मी म्हटलं, मला नकाशा बघावा लागतो, दाराशी ऊन येतं, स्क्रीन दिसत नाही. हे खरं आहे. आई म्हणाली, "बरं."
तूर्त आहे तेच ठीक.

१६ ऑक्टोबर
कॅपिटल रीफ. लाल कड्यांखाली सफरचंदांच्या बागा. आईने टोपलीभर तोडली आणि म्हणाली, "आज मी चालवते." बाबा म्हणाले, "क्लच अवघड आहे." आई म्हणाली, "क्लच कसला अवघड! त्याच्या आधीपासून मी तुझ्याबरोबर आहे. तो तरी एकदा बदललास." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी तांत्रिक मत दिलं: क्लच खरंच घसरतो, सवयीच्या पायाला सोपं जाईल. मत बरोबर होतं. आई दाराशी जाऊन बसली, सफरचंद खात. मग दिवसभर पूर्ण शांतता. कंपन जवळजवळ शून्य.

१७ ऑक्टोबर
कॅन्यनलँड्सचं कॅम्पग्राउंड. शेजारी ओपल नावाच्या सत्तरीच्या बाई, एकट्या, छोटी कॅम्पर व्हॅन. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, या खड्ड्यांतून चालवायला घाबरतात. म्हणाल्या, "ड्रायव्हर मिळाला तर रोज स्टेक खाऊ घालीन." आईने त्यांची व्हॅन पाण्याच्या नळापर्यंत नेऊन आणली. गरज नव्हती, तरी पुन्हा नेली. मोठमोठ्याने हसत होती. ट्रिप लागू पडते आहे.
बाबांनी विचारलं, "मीठ कुठंय?" मी म्हटलं, समोरच. खाऊन झाल्यावर विचारलं, "आई कुठंय?" मी म्हटलं, येईल.

१८ ऑक्टोबर
मुख्य योजना. लग्नानंतरचा त्यांचा एक फोटो आहे: दरीचा काठ, आईचं डोकं बाबांच्या खांद्यावर. ती जागा शोधून काढली, सावलीच्या कोनावरून वेळसुद्धा. दोघांना उभं केलं. जवळ या, म्हटलं. बाबा म्हणाले, "जवळच आहे की." आई म्हणाली, "हा तेव्हाही असंच म्हणाला होता. मान मीच वाकवली होती."
नव्या फोटोत दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढी फट. कडा कापता येतात, मधलं कापता येत नाही. घरी सॉफ्टवेअरने बघीन.
रीनोच्या खोलीचं विचारलं. आई म्हणाली, "ओपल तिथून दोन गल्ल्यांवर राहते." हे उत्तर नव्हे. अनिर्णित धरलं.

१९ ऑक्टोबर, सकाळ
परतीला लागतोय. मागे सामान भरताना आईची बॅग दिसली नाही. तळाशी असेल.

१९ ऑक्टोबर, दुपार
हायवेच्या अलीकडचं शेवटचं गेट. आई उतरली. हातमोजे सीटवर विसरली, असं मला वाटलं. तिने गेट उघडलं, आम्ही बाहेर आलो, तिने गेट लावलं. ती आतच होती. मी खिडकीकडे झुकून ओरडले, "आई, चुकीच्या बाजूला राहिलीस." ती म्हणाली, "नाही गं, जोलीन."
मागून ओपलची व्हॅन सावकाश येत होती.
बाबांनी डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, आता बोलतील. म्हणाले, "कडी नीट लागली का?" आई म्हणाली, "लागली, ग्रँट. नेहमीसारखी."
 बाबांनी गिअर टाकला. आरशात दिसलं: ओपल खांबाशी झटापट करत होत्या. व्हॅनच्या स्टिअरिंगवर आई.

२० ऑक्टोबर
घर. आमच्या कुंपणाचं गेट आलं. बाबांनी गाडी थांबवली आणि समोर बघत बसले. मीही बसले. तेव्हा लक्षात आलं, कालपासून मी मधेच बसले आहे, दाराशेजारची जागा रिकामी, गिअरचा दांडा गुडघ्यांत.
इंजिन चालूच. कुणी उतरेना. शेवटी मी सरकले. आईचे हातमोजे घातले. मला मोठे होतात. खांबाला खांदा लावला, कडी निघेना; निघाली तेव्हा खांब अंगावर आला. बाबा गाडी आत घेऊन थांबले. लावताना तारा ताणल्या जाईनात. आई हे कसं करायची, ते इतक्या वर्षांत मी एकदाही नीट बघितलं नव्हतं.
एक नोव्हेंबरला अजून अवकाश आहे.
गाडीत बसले. दाराशी. बाबांनी विचारलं, "कडी नीट लागली का?"
नव्हती लागली. लागली, म्हटलं.