खुर्ची क्रमांक तीनवरचा एसी

सोमवार, ४ मार्च
केमोचा सहावा डोस. निम्मी लढाई जिंकली. संकल्प: उरलेले सहा, एकही सोमवार न चुकवता आणि न रागावता. पहिला भाग जमेल.

छातीत कातडीखाली कोटाच्या बटणाएवढी डबी बसवली आहे. तिला पोर्ट म्हणतात. तिच्यात सुई टोचली की औषध थेट मोठ्या शिरेत. सोय उत्तम. पण खुर्ची क्रमांक तीन! बरोबर डोक्यावर एसीची जाळी, घरघर चालूच. सुई लावल्यावर अर्ध्या तासात अशी हुडहुडी भरली की दातांवर दात आपटले. संध्याकाळी ताप १०१. एसी, दुसरं काय?

मंगळवार, ५ मार्च
ताप नाही. घरात एसी नाही. सिद्ध झालं.
ही म्हणते, सिस्टरना फोन करते. त्यांच्या कागदावर ठळक लिहिलंय, थंडी-ताप आला तर लगेच कळवा. मी फोन काढून घेतला. म्हणालो, तो कागद आजाऱ्यांसाठी आहे.

सोमवार, ११ मार्च
सातवा. सुई ११.२०, हुडहुडी ११.५०. स्वेटर, शाल, कानटोपी, तिन्ही व्यर्थ. वेळा टिपून ठेवतोय, पुरावा हवा. ही शेजारी बसून फाइलीने वारा घेत होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली. हिचं उलट बोलणं आता हातवाऱ्यांपर्यंत पोचलंय.
सिस्टरने विचारलं, काका, थंडी वाजते का? नाही म्हणालो. ताप कळला की डोस पुढे ढकलतील, आणि मला हे वेळेत संपवायचंय. तक्रार करीन ती लेखी.
संध्याकाळी १०२. थर्मामीटर जुना आहे.

बुधवार, १३ मार्च
नवा थर्मामीटर आणला. नॉर्मल! जुना खोटारडा. हिने जुना लावून पाहिला, तोही नॉर्मल. वाद घातला नाही, संकल्प आहे. फक्त जुना कचऱ्यात भिरकावला. ही म्हणाली, अहो, निदान त्याला सॉरी तरी म्हणा.

सोमवार, १८ मार्च
आठवा. सुई ११.०५, हुडहुडी ११.३५. खुर्ची खडखडली. सिस्टर वळली, तर मोबाइल व्हायब्रेट होतोय म्हणालो. माणसं आहेत की बर्फाचे कारखानदार!

मंगळवार, १९ मार्च
तक्रारअर्ज. चार पानं, तर्कशुद्ध. जिथे धूर तिथे अग्नी. जिथे खुर्ची तीन, तिथे हुडहुडी. काकतालीय न्याय म्हणून कुणी उडवून लावू नये यासाठी तक्ताही जोडला: सुई, थंडी, ताप, उतार. ही वाचून म्हणाली, फारच छान, मीच नेऊन देते. एकतीस वर्षांनी किंमत कळली.

बुधवार, २० मार्च, सकाळी १०
हॉस्पिटलचा फोन! ताबडतोब या, डॉक्टर स्वतः भेटणार. इस्त्रीचा शर्ट घातला. माफी मागितली तर मोठ्या मनाने स्वीकारीन.

त्याच दिवशी, दुपारी ४
माफी नाही. हातातून रक्त काढलं, पोर्टमधूनही काढलं, तपासायला वेगवेगळ्या बाटल्यांत. मला भरती केलं. डॉक्टर तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, सुई लावली की थंडी-ताप, मग आठवडाभर काही नाही. हा पोर्टमधला संसर्ग असणार. आत जंतू बसलेत, दर सोमवारी आम्हीच ते तुमच्या रक्तात ढकलतोय.
मी ओरडलो, मग एसी? सिस्टर म्हणाली, काका, तो फेब्रुवारीपासून बंद आहे. घरघर एक्झॉस्ट पंख्याची.
मी हिच्याकडे पाहिलं. वारा घेत होती ती फाइल हिने खाली ठेवली.
मग मी चिडलो. मग डॉक्टर चिडले, आणि ते जास्त चांगले चिडतात. म्हणाले, आणखी एखादा सोमवार गेला असता तर ऐकून घ्यायला तुम्ही उरला नसतात.

शुक्रवार, २२ मार्च
जंतू पोर्टमधल्या रक्ताच्या बाटलीत आधी वाढले, हातातल्या रक्ताच्या बाटलीत नंतर. म्हणजे दोष डबीचाच. काढली. उरलेले चार डोस लांबणीवर. अर्ज फाइलीत सगळ्यात वर लावलाय. इतकी नेमकी हिस्टरी कुणी देत नाही म्हणे.
हिला विचारलं, अर्ज तक्रारपेटीत टाकला होतास ना? म्हणाली, सिस्टरच्या हातात दिला. फोन तुम्ही करू देत नव्हतात.

रविवार, २४ मार्च
ताप पुन्हा नाही. वॉर्डात असह्य उकडतंय. इथलाही एसी बंद. तक्रार करायला तोंड नाही.
ही फाइलीने वारा घालते आहे. मला.