लिएनच्या बाबांचा कागद

१२ जानेवारी, रविवार
कमोड बसला. मिस्त्री म्हणाला, बरोबर आहे. मी नळीत पाणी भरून लेव्हल दाखवली — सहा मिलिमीटर डावीकडे कलता. पुन्हा काढायला लावला. मोटर वायंडिंग मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, जळलेल्या मोटरा उघडून शिकलो. एक वेढा चुकला की काय होतं ते मला माहीत आहे.

पाहुणी बुधवारी येते. व्हिएतनामची. नाव लिएन, वय बावीस, आपल्या तलावांतल्या मासोळीचा अभ्यास करायला. आठ आठवडे मुक्काम. नागपूरच्या कॉलेजच्या मॅडमनी अड्याळात तीन घरं पाहिली, आपलं निवडलं. करुणा म्हणते, "इतकी तयारी तं आपल्या लग्नात बी नाई केली तुमी."

प्रतिक्षाचा विषय पुन्हा निघाला. आयर्लंडच्या कॉलेजनं तिला जागा दिली आहे, स्कॉलरशिपही. ३१ तारखेपर्यंत होकार कळवायचा. पण राहायचं तिथल्या एका कुटुंबात! "बाबा, तुमी हो म्हटलं तरच जाईन." त्या कुटुंबातल्या बाईंचं पत्र तीनदा वाचलं — इंग्रजीही मी डिक्शनरीवरूनच शिकलो आहे. पत्र चांगलं आहे. पण चार ओळींच्या भरवशावर पोरगी अनोळखी घरात सोडायची?

१५ जानेवारी, बुधवार
आली! एसटी तेरा मिनिटं लेट. भैय्यालालच्या चहाटपरीवर सगळे उभे राहून पाहत होते.
"चायनाची हाये का जी?" भैय्यालाल.
"व्हिएतनाम. देश वेगळा, भाषा वेगळी, राजधानी हनोई."
"असं का. मंग नूडल तं खाते का नाई?"

पाठ केलेलं स्वागताचं वाक्य न अडखळता म्हटलं. तिनं वाकून नमस्कार केला. भंडाऱ्याहून खास आणलेला ब्रेड, जॅम, काटेचमचे मांडून ठेवले होते. तिनं ते हळूच बाजूला सरकवले आणि चुलीवरच्या वाफाळत्या गंजाकडे बोट केलं. भात! मग भात, लाखोळीची डाळ, मच्छीचा रस्सा. मच्छीचे काटे असे काढते की पाहत राहावं. ताट स्वच्छ. मी वाढलं. पुन्हा स्वच्छ.
करुणा म्हणाली, "हे तं आपलीच पोरगी हाये."

१६ जानेवारी
आज दोन्ही वेळा तीन-तीनदा वाढलं. एक शीत उरवलं नाही. पाहुणचार जमला!

१८ जानेवारी, शनिवार
तलावाची खोली मोजायला तिला बांबू करून दिला. सेंटिमीटरच्या खुणा मीच कोरल्या. तिनं स्वतःचा टेप काढून प्रत्येक खूण तपासली. मला राग नाही आला — मीही तेच केलं असतं. एकही खूण चुकली नव्हती. हसली. दिवसभर खूप हसते.

१९ जानेवारी, रविवार
लिएन आजारी. सकाळपासून चार उलट्या. डॉक्टर म्हणाले, अजीर्ण.

करुणानं मला धारेवर धरलं. "मोटरले तं बरोबर मोजून तार भरता. पोरीचं पोट मोजाचं नाई समजलं?"
"ताट रिकामं दिसलं तं वाढाचं नाई का?"
"आता दवाई वाढा."

प्रतिक्षा तिच्या उशाशी बसून होती. तिला कळलं ते असं — लिएनच्या घरी ताटात अन्न टाकलं तर रांधणाऱ्याचा अपमान. ती संपवत होती म्हणून मी वाढत होतो. मी वाढत होतो म्हणून ती संपवत होती. चार दिवस!

२० जानेवारी, सोमवार
बरी आहे. पेज घेतली — वाटीभर, मोजून.

दुपारी तिनं बॅगेतून एक घडी घातलेला कागद काढला. तिच्या बाबांनी आमच्यासाठी हातानं लिहिलेला, खाली तिनं केलेलं इंग्रजी. द्यायची लाज वाटली म्हणे. "माझे बाबा जरा जास्तच लिहितात." बाबा बोटींची इंजिनं दुरुस्त करतात.

सतरा मुद्दे. आकडे टाकून.
पहिला — वाढलेलं टाकणार नाही, पोट भरलं तरी सांगणार नाही, थोडंच वाढा.
पाचवा — घरची आठवण आली की जास्त हसते.
अकरावा — कुत्र्याला भीत नाही, कोंबड्याला भिते.
शेवटचा — मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून हे सगळं लिहिलं.

हा कागद पहिल्या दिवशी हाती असता तर! आणि ते जास्त हसणं. मी ते बांबूच्या कौतुकाचं समजलो होतो.

२१ जानेवारी
शेजारच्या तुळसाबाईंचा कोंबडा दोन महिने टोपल्याखाली ठेवायचं ठरलं. तुळसाबाई म्हणाल्या, "त्याचा बी पासपोर्ट काढा, पाठवा तिकडं."

२५ जानेवारी, शनिवार
लिएनचं आता ठीक चाललं आहे. स्वतः वाढून घेते.

तिच्यामुळे ताटांकडे लक्ष जायला लागलं. काल प्रतिक्षा भाताला नको म्हणाली. करुणानं पुन्हा विचारलं — नको. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ताट पुढे केलं. आज दोन्ही जेवणांना पाहिलं. तेच. तेवीस वर्षं एका घरात राहतो आणि हे कधी मोजलं नव्हतं!

आयर्लंडची बाई पहिल्याच 'नको'ला भांडं उचलून नेईल. त्यात तिची चूक काय? तिला कोणी सांगितलं?

२८ जानेवारी
प्रतिक्षानं आज काही विचारलं नाही. लिएनसोबत तलावावर गेली. मी दुकानात एकच मोटर दोनदा भरली — वेढे मोजताना चुकलो.

३१ जानेवारी, शुक्रवार
सकाळी ९.४०. आधी मराठीत लिहून काढतो, इंग्रजी मग.

आदरणीय बाई,
माझी मुलगी प्रतिक्षा तुमच्या घरी येत आहे. मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून लिहितो.
१. ती दोनदा नको म्हणेल. तिसऱ्यांदा विचारा.