तीन ब्रास माती

मी, कारभारी पुंजाराम निकम, वय सत्त्याहत्तर, मूळ राहणार नामपूर, हल्ली राहणार नाशिक, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र करीत आहे. रक्तदाब थोडा चढा आहे, पण डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी ललिता, आणि ती सहा वर्षांपूर्वी गेली.

१. राहते घर व त्याखालची जागा माझ्या स्वकष्टाची असून ती माझा एकुलता मुलगा रविराज, राहणार पुणे, यास देत आहे. तो ती विकणार हे मला ठाऊक आहे. त्याचे चुकत नाही. पुण्याहून येऊन इथले नळ कोण दुरुस्त करणार? घेणारा घर पाडून खाली पार्किंग खोदील, त्यालाही माझी हरकत नाही. मात्र कलम ३ पुरे झाल्याशिवाय विक्री करू नये.

२. बँकेतील बचत व ठेवी रविराजच्याच. त्यातून कलम ३ मधील माती नेणाऱ्या ट्रॅक्टरचे भाडे आधी द्यावे.

३. परसातील माती, लांबी वीस फूट, रुंदी पंधरा, खोली एक फूट, म्हणजे तीनशे घनफूट, अर्थात तीन ब्रास, ही श्रीमती भागीबाई चंदर गावित, मूळ पेठ तालुका, हल्ली दिंडोरीजवळ मुलाकडे, यांना देत आहे. त्यांच्या घरामागे नुसता मुरूम आहे.

वकीलसाहेब हसले. म्हणाले, "नाना, माती जमिनीबरोबरच जाते. हे कलम कोर्टात टिकेल असं मला वाटत नाही." न टिको. ज्याने पाळायचे त्याच्यासाठी ते लिहिले आहे.

कारण असे. मी एकतीस वर्षे मातीतपासणीच्या प्रयोगशाळेत होतो. हजारो शेतकऱ्यांना "सेंद्रिय कर्ब अत्यल्प" असे लिहून दिले आणि स्वतः एक मेथीची जुडीही पिकवली नाही. निवृत्तीच्या आधी घर बांधले, तेव्हा परसात विटांचे तुकडे आणि मुरूम होता. कुठेतरी वाचले की कोळशाने माती सुधारते. इस्त्रीवाल्याकडून पोतेभर कोळसा आणला, कुटला, तसाच कोरडा मिसळला. मेथी आठ दिवसांत पिवळी पडली. भागीबाई तेव्हा शेजारच्या बांधकामावर विटा वाहत होती. कुंपणावरून बघून म्हणाली, "भाऊ, कोळसा उपाशी हाय तुमचा. तोच समदं खातोय, भाजीला काय ऱ्हाईल? आधी त्याला जेवू घाला."

मी पदवीधर माणूस. मला राग आला. ललिताला आला नाही. तिने तिला चहा दिला आणि विचारून घेतले. शेण, गोमूत्र, थोडा गूळ, यांत कोळसा पंधरा दिवस भिजवायचा. कोळसा घरीच कसा करायचा, तेही भागीबाईनेच शिकवले. तिच्या डोंगरात नागलीची रोपे टाकण्याआधी जमीन फांद्या-पाल्याने भाजतात, त्यामुळे जाळाची तिला पक्की जाण. दिंडोरीच्या द्राक्षबागांतल्या छाटणीच्या काड्या आणून खड्ड्यात पेटवल्या की ती शेजारी बसे. "राख नाय करायची. लाल झालं का पाणी मारा, लगेच." मी घड्याळ बघायचो, ती जाळ बघायची. तिचे कधी चुकले नाही.

वर पालापाचोळ्याचे आच्छादन, मधे कंपोस्ट, खाली भिजवलेला कोळसा. बावीस वर्षे हेच केले. आता दोन पेरांपर्यंत बोट सहज जाते आणि गांडुळे निघतात. ललिताने सोळा वर्षे साठवलेला चहाचा चोथा, भाजीची देठे, देवाची फुले, सगळे त्यात आहे. ती माती डबरात जाऊ नये. मला आयुष्यात जे शिकण्यासारखे मिळाले ते त्या बाईने दिले, आणि मी तिचे आभार कधी नीट मानले नाहीत. ते इथे मानतो.

४. पाट्या, कुदळ, खुरपी आणि लोखंडी पिंप हेही भागीबाईंचे.

५. शेजारी भिमाजी यांनी धुराबद्दल आणि वासाबद्दल महापालिकेत माझी तक्रार केली होती. आलेला माणूस माती हुंगून, वांगी घेऊन गेला. तेच भिमाजी रोज सकाळी भिंतीवरून कढीपत्ता तोडतात. मी खिडकीतून पाहतो. त्यांना कढीपत्त्याच्या दोन कुंड्या द्याव्यात, म्हणजे चोरी करावी लागणार नाही.

६. रविराज या मातीला उकिरडा म्हणत आला. त्याच्या साखरपुड्याला त्याने कंपोस्टाच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या, वर ताडपत्री आणि खुर्च्या मांडल्या. खालून ऊब आली आणि व्याही दोनदा उठले आणि पुन्हा बसले. मी अजून हसतो, पण तेव्हा वाईट वाटले होते. मातीतले त्याला काही ठेवलेले नाही, कारण त्याने कधी मागितले नाही.

हा कागद त्याला आधी वाचायला देत आहे. पटले नाही तर त्याने खाली तसे लिहावे. मी चिडणार नाही, निदान तसा प्रयत्न करीन.

ठिकाण: नाशिक
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: कारभारी पुंजाराम निकम

आमच्यासमोर सही केली:
१. डॉ. मोहिनी देवरे
२. झुंबर सोनवणे, प्रयोगशाळेतील निवृत्त शिपाई

खाली, वेगळ्या अक्षरात:

नाना, वाचले. आधी माती, मग विक्री. ट्रॅक्टर मी सांगीन, पाट्याही मीच भरीन. ताडपत्रीबद्दल माफ करा. मला एक कुंडीभर माती हवी आहे, पण ती भागीमावशींना विचारून घेईन.
रविराज