कासवांच्या शेडचा चुकवलेला आकडा

प्रति,
मा. मुख्य समन्वय अधिकारी,
सीमापार वन्यजीव गुन्हे प्रतिबंध विभाग,
मुख्यालय.

विषय : संयुक्त कारवाईच्या अहवालातील खोटे वाक्य काढून टाकणे, पलीकडच्या देशातील अधिकारी बाईंवरील ठपका रद्द करणे आणि अर्जदाराचे प्रशस्तिपत्र परत घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज व त्यावर आलेले आपल्या कार्यालयाचे अभिनंदनाचे उत्तर.
२) अर्जदाराचा दुसरा अर्ज व त्यावर मंजूर झालेली, न मागितलेली रजा.

महोदय,

१. अर्जदार आपल्या विभागाच्या संपर्क कक्षात गेली अकरा वर्षे दूरध्वनी-अनुवादक आहे. नऊ देशांनी मिळून हा कक्ष उभा केला. कुठल्याही बंदरावर वा नाक्यावर जिवंत प्राणी, कातडी, दात, खवले यांची चोरटी ने-आण होत असल्याचे कळले, की त्या देशाचा माणूस आधी फोन करतो आणि मागाहून लेखी कळवतो. फोन उचलणे, ऐकणे, लिहून घेणे, लिहिलेले समोरच्याला वाचून दाखवणे आणि कागद छापा पथकाकडे देणे, एवढेच अर्जदाराचे काम. यात चूक व्हावी असे अवघड काही नाही.

२. आधीच्या दोन अर्जांत अर्जदाराने 'अनवधानाने', 'काही अंशी', 'तांत्रिक कारणास्तव' असे शब्द घालून स्वतःची अब्रू झाकली. त्यामुळे आपल्या कार्यालयाचा गैरसमज झाला असल्यास दोष कार्यालयाचा नाही. या वेळी घडले तसे लिहिले आहे. लांबल्यास क्षमा असावी.

३. पलीकडच्या देशाच्या बंदरावर तपासणी अधिकारी असलेल्या एक बाई आहेत. आपल्या कक्षाशी बोलताना मध्ये दुभाषा नको, वेळ जातो, म्हणून त्यांनी आपली इकडची भाषा स्वतः पुस्तकावरून शिकून घेतली. हे कुणी त्यांना सांगितले नव्हते. बोलताना त्यांचे लिंग-वचन चुकते. कासव 'आली' आणि हत्ती 'गेली' असे काहीही होते. आणि आकडे तर त्यांच्या जिवावर येत. सत्तावन्न आणि सत्त्याण्णव यांत त्यांचा हमखास घोळ होई, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होते, म्हणून त्या आकडा फोडून सांगत.

अर्जदाराला लहानपणापासून आवाज काढण्याचा नाद आहे. कक्षात त्याला सगळे 'नकल्या' म्हणतात. बाईंचा आवाज तो हुबेहूब काढी. मधल्या सुट्टीत टंकलेखक बाई, नोंदणी कारकून, कधी कधी खुद्द कक्षप्रमुख साहेबसुद्धा म्हणत, "नकल्या, होऊन जाऊ दे आज कासवबाई!" आणि अर्जदार होऊन जाऊ देई. पोट धरधरून हसत सगळे. माणसाला आपल्यामुळे चार माणसे हसली की अंगावर मूठभर मांस चढते, तसे अर्जदाराचे होत असे.

४. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता बाईंचा फोन आला. एका व्यापाऱ्याची कागदपत्रे त्यांच्या हाती लागली होती. फरशांच्या नावाखाली शेकडो कासवे इकडे, आपल्या देशाच्या बंदरातल्या भाड्याच्या शेडमध्ये ठेवलेली होती आणि जहाजाची वाट पाहत होती. बाई घाईत होत्या, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त अडखळत होत्या. "कासव खूप आहे. तिला पाणी नाही," असे त्या म्हणाल्या. टंकलेखक बाईंनी अर्जदाराला खूण केली. अर्जदाराने फोन कानापासून काढला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून हात लांब करून खोलीत धरला.

सगळे हसले. त्या हसण्यातून अर्जदाराला शेडचा क्रमांक 'पन्नास आणि सात' एवढा ऐकू आला. त्याने कागदावर ५७ लिहिले. बाई म्हणाल्या, "तुम्ही वाचून दाखवता?" नियमाने वाचून दाखवायला हवे होते. पण अर्जदाराला स्वतःलाच हसू आवरत नव्हते, वाचायला गेला असता तर फिसकन बाहेर आले असते. म्हणून तो "समजलं बाई, समजलं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

५. दुपारी छापा पथकाने शेड क्रमांक सत्तावन्नचे कुलूप तोडले. आत एका बदली झालेल्या शाळामास्तरांचा संसार बांधून ठेवलेला होता. पथकाने कपाटे उपसली, गाद्या फाडल्या. मास्तरांची बायको दाराशी येऊन उभी राहिली आणि विचारू लागली, "आम्ही काय केलं?" पथकाचे प्रमुख परत येऊन म्हणाले, "तुमच्या त्या बाईंची बातमी पोकळ निघाली." अर्जदारानेही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बाईंचे लेखी पत्र आले. बातमीच पोकळ निघाली, आता काय वाचायचे, म्हणून अर्जदाराने ते न उघडता अनुवादाच्या गठ्ठ्यात ठेवले. तिथे ते आठ दिवस राहिले. उघडले तेव्हा पहिल्याच ओळीत, अंकात, ठळक शाईने, खाली रेघ मारून ९७ लिहिलेले होते.

६. शेड क्रमांक सत्त्याण्णव उघडताना पंचनामा लिहायला अर्जदाराला नेले होते. पत्र्याचे छप्पर, भर उन्हाळा. कासवांच्या पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी होती. पाय आत दाबून प्रत्येकाला चिकटपट्टीने गुंडाळले होते, हलू नयेत म्हणून, आणि ताटे रचावीत तशी ती पोत्यांत एकावर एक रचली होती. मोजली ती चारशे बारा. एकेक चिकटपट्टी कापून जनावरांच्या डॉक्टरीणबाई कासव हातात धरत आणि नुसते 'आहे' किंवा 'नाही' म्हणत. अर्जदार तेवढेच लिहीत होता. 'नाही', 'नाही', 'नाही', 'नाही'. असे लिहिता लिहिता पान संपे. 'आहे' अडतीस वेळा आले. अर्जदाराने डॉक्टरीणबाईंना विचारले, आठवडाभर आधी उघडले असते तर? त्या मान वर न करता म्हणाल्या, "बहुतेक सगळी वाचली असती. लिहा पुढचं."

माल ठेवणारे तोवर पसार झाले होते. आजतागायत सापडलेले नाहीत.

७. अहवालाचा मसुदा अर्जदारानेच केला. कक्षप्रमुख साहेब फक्त म्हणाले, "कक्षावर यायला नको, एवढं बघ." अर्जदाराने बघितले. 'परदेशी अधिकाऱ्यांच्या सदोष उच्चारामुळे प्रथम चुकीचा आकडा प्राप्त झाला व त्यांचे लेखी पत्र विलंबाने मिळाले,' हे वाक्य अर्जदाराचे आहे. पत्रावरच्या आवक शिक्क्याची तारीख कुणी पाहिली नाही.

तो अहवाल नऊही देशांना गेला. बाईंच्या कार्यालयाने त्यांना संपर्काच्या कामावरून काढले व मालाच्या वजनकाट्यावर बसवले. त्यांची चौकशी सुरू झाली. इकडे अडतीस कासवे जिवंत सोडवल्याबद्दल नऊ देशांच्या बैठकीत आपल्या कक्षाचा सत्कार झाला आणि 'उत्कृष्ट आंतरराष्ट्रीय समन्वय' असे प्रशस्तिपत्र अर्जदाराला मिळाले. अर्जदाराने ते दोन्ही हातांनी घेतले, फोटोसाठी थांबला, आणि सांगितल्यावर हसलासुद्धा.

८. त्याच आठवड्यात बाईंचे एक पत्र अर्जदाराच्या नावे आले. आपल्या इकडच्या भाषेत, हाताने लिहिलेले. चार ओळी आहेत. "माझे बोलणे वाईट म्हणून कासव मेली. तुम्ही नेहमी धीराने ऐकलात. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. क्षमा करा."

महोदय, हे पत्र वाचल्यावर अर्जदार सुधारला असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. पुढच्या रविवारी घरी प्रशस्तिपत्र पाहायला पाहुणे जमले. जेवणे झाल्यावर मेहुणे म्हणाले, "दाजी, त्या कासवबाई करून दाखवा की!" पत्र खिशात होते. अर्जदाराने तरीही आवाज काढला. सगळे हसले. फक्त थोरली बहीण, जिला घरात सगळे अक्का म्हणतात, ती हसली नाही. ती ताटे उचलत म्हणाली, "ती बाई तुझ्यासाठी तुझी भाषा शिकली. तू तिच्यासाठी काय शिकलास रे?" मग ती आत गेली. अर्जदाराला त्या दिवसापासून घरात वर मान करून बसता आलेले नाही.

९. दुसऱ्या दिवशी अर्जदार तळघरातल्या ध्वनिमुद्रण विभागात गेला. कक्षात येणारा प्रत्येक फोन तिथे मुद्रित होतो, हे सगळे विसरून गेले आहेत. तिथल्या कारकून बाईंनी नोंद काढून कानाला लावायचे यंत्र दिले. अर्जदाराने ते मुद्रण तीन वेळा ऐकले. हशाच्या खाली बाई सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणतात : "पन्नास आणि सात नाही. नव्वद आणि सात. नव्वद." आपली चूक होऊ नये म्हणून त्यांनी घेतलेली काळजीच आम्हाला हसण्यासारखी वाटली होती.

अर्जदाराने पहिला अर्ज केला. प्रशस्तिपत्र परत घेण्याची नियमांत तरतूद नाही, परंतु अर्जदाराची विनम्रता प्रशंसनीय असून तशी नोंद सेवापुस्तकात घेण्यात आली आहे, असे उत्तर आले. अर्जदाराने दुसरा अर्ज केला. त्यावर कामाचा ताण लक्षात घेऊन पंधरा दिवसांची रजा मिळाली. आणखी एका अर्जाने बढती होईल की काय, अशी भीती अर्जदाराला खरोखर वाटू लागली.

१०. म्हणून रजेच्या चौथ्या दिवशी अर्जदाराने बाईंना वजनकाट्यावर फोन केला आणि सगळे सांगितले. फोन खोलीत धरल्याचे सांगितले, हसल्याचे सांगितले, आठ दिवस न उघडलेल्या पत्राचे आणि अहवालातल्या वाक्याचेही सांगितले. बाई ऐकत होत्या. मागे ट्रकचे आवाज येत होते. मग त्यांनी विचारले, "मग मी बरोबर बोलले होते?" अर्जदार हो म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारले, "आकडा बरोबर होता?" अर्जदाराने पुन्हा हो सांगितले. अर्जदाराला वाटले, आता त्या रागावतील. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, "माझी चौकशी अठ्ठावीस तारखेला आहे. तुम्ही मला सांगू नका. लिहून द्या त्यांना." आणि त्यांनी फोन ठेवला. तेच लिहून देत आहे.

११. सबब विनंती की,

(अ) अहवालातील सदर वाक्य खोटे असल्याचे नऊही देशांच्या कार्यालयांना कळवावे. बाईंच्या कार्यालयाला ते अठ्ठावीस तारखेच्या आत मिळावे.

(आ) शेड क्रमांक सत्तावन्नच्या शाळामास्तरांची व त्यांच्या पत्नीची विभागाने माफी मागावी. अर्जदार त्यांच्या नव्या पत्त्यावर जाऊन आला आहे. त्यांनी दार उघडले नाही.

(इ) प्रशस्तिपत्र सोबत जोडले आहे. परत घेण्याची तरतूद नसल्यास ते सापडलेला माल म्हणून जमा करून घ्यावे. अर्जदारावर योग्य ती कारवाई करावी. ती सौम्य असू नये. कक्षातील इतरांची नावे अर्जदार देत नाही. फोन त्याच्या हातात होता.

(ई) नियमानुसार मुद्रणे सहा महिन्यांनी पुसली जातात. हे मुद्रण तीस तारखेला पुसले जाईल. ते त्याआधी बाईंच्या देशाचे प्रतिनिधी व आपण स्वतः एकत्र बसून ऐकावे. त्या वेळी अर्जदार खोलीत हजर राहील. चाळिसाव्या सेकंदाला हसणे सुरू होते. त्यात सर्वांत मोठा आवाज अर्जदाराचा आहे. ते ऐकवत नाही म्हणून कुणीही, अर्जदाराने विनवणी केली तरीही, यंत्राचा आवाज कमी करू नये. बाई आकडा त्या हसण्याखालीच सांगतात, आणि आवाज पूर्ण ठेवला तरच तो ऐकू येतो.

आपला, आणि त्या बाईंचा त्याहून अधिक अपराधी,

(सही)
दूरध्वनी-अनुवादक, संपर्क कक्ष
दिनांक : १९

सोबत :
१) प्रशस्तिपत्र, चौकटीसह.
२) बाईंचे शेड क्रमांकाबाबतचे लेखी पत्र. आवक शिक्का मागील बाजूस आहे, कृपया उलटून पाहावे.
३) बाईंचे अर्जदारास आलेले हस्तलिखित पत्र. हे मात्र पाहून झाल्यावर परत मिळावे. त्याला उत्तर लिहायचे राहिले आहे.