दाढीवाल्याचे शेवट

ती. दाजी यांना,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा वाकून नमस्कार. (वाकलो खरोखरच, आता पाठ धरली आहे.) ताईचे गुडघे कसे आहेत? लेकीच्या घरी तुम्हाला खिडकीजवळची खोली मिळाल्याचं ताईने कळवलं, बरं वाटलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला उजेड लागतोच, आता दुकान नसलं तरी. इकडे सगळे मजेत आहेत. मी नाही. का, ते सांगतो.

आपल्या वाचनालयाने 'आजचा सर्वांत थोर दिग्दर्शक कोण' असा वाद ठेवला होता. (वीस वर्षं आपण बेकरीत हेच करत आलो, तेव्हा कोणी खुर्च्या मांडल्या नाहीत.) तुमच्या लाडक्या संथनाथाची बाजू घ्यायला कोणी मिळेना. साहजिकच आहे. त्याच्या सिनेमात म्हातारा किटली ठेवतो, मी एक डुलकी काढून उठलो तरी पाण्याला उकळी आली नव्हती. मी अर्थातच माझ्या दाढीवाल्यासाठी उभा राहिलो. माझा सगळा भर त्याच्या शेवटांवर, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्या हाणामाऱ्यांना तुम्ही नावं ठेवायचात, मी मुकाट ऐकून घ्यायचो, आणि मग एखादा शेवट काढायचो की तुम्ही मान खाली घालून घड्याळाला चावी देत बसायचात.

तर मी त्या पूल राखणाऱ्याच्या सिनेमाचा शेवट सांगितला. सगळे निघून गेल्यावर तो चौकीत परत येतो, टेबलावर दोन कप असतात, तो स्वतःचा तेवढा धुतो आणि दुसरा तसाच ठेवतो. पुढच्या रांगेतल्या शिक्षिकाबाईंनी डोळे टिपले. तेवढ्यात दातांचे डॉक्टर उठून म्हणाले, "अहो, शेवटी तो पूलच उडवतो की! कप कुठले?" लोक इतके हसले की अध्यक्षांना ठसका लागला.

दुसऱ्याच दिवशी सूनबाईंनी तो सिनेमा घरी लावून दिला. मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. आठवतं ना, दुपारच्या खेळाला आपण बरोबर जायचो आणि साडेतीनला मी उठायचो, कारण चारला भट्टीत पाव गेले पाहिजेत. तुम्ही मागे थांबायचात, संध्याकाळी बेकरीतल्या स्टुलावर येऊन बसायचात आणि पाव निघेपर्यंत मला शेवट सांगायचात. दाजी, पूल उडाला. कप नव्हते. मग मी एकामागून एक अकरा सिनेमे पाहिले. बोट उडाली, गोदाम उडालं, एकात शाळा (सुट्टी होती म्हणून बरं). दाढीवाल्याला शेवट म्हटलं की रॉकेलच सुचतं. म्हणजे वीस वर्षं मी ज्या दिग्दर्शकासाठी तुमच्याशी भांडलो ते तुम्हीच, आणि तुम्ही स्वतःच्याच शेवटांपुढे हार खात होतात, चेहऱ्यावरची रेषही हलू न देता! (इतक्या वर्षांत एकही गिऱ्हाईक कसं बोललं नाही, म्हणाल तर गरम पाव हातात असताना वाद कोण घालतं.)

मला राग यायला हवा होता. चार दिवस प्रयत्न केला, जमलं नाही. भट्टी आता सूनबाई बघतात, त्यांचे पाव माझ्यापेक्षा चांगले फुलतात. मी पूर्ण सिनेमा बघायला मोकळा झालो, तर आता मला पूर्ण सिनेमा नको वाटतो. संध्याकाळी पाव निघाले की मान आपोआप त्या स्टुलाकडे वळते. तुमची फार आठवण येते, सरळच लिहितो. भांडायला दुसरं कोणी चालत नाही. डॉक्टरांवर प्रयत्न करून पाहिला, पण त्यांना माझं लगेच पटतं.

बाकी सगळं जागच्या जागी आहे, तुम्ही सोडून.

तुमचा,
वाद हरलेला मेहुणा

ता. क. परवा वाचनालयात चिठ्ठ्या टाकून निकाल लावला. मी तुमचं नाव लिहिलं होतं. 'हे गृहस्थ घड्याळजी आहेत' असा शेरा मारून माझी चिठ्ठी बाद केली.

आणखी एक ता. क. काल दाढीवाल्याचा नवा सिनेमा लागला. सवयीने दोन तिकिटं काढली. बंदरावर बाप बसलाय, लेकीची बोट यायची आहे, आणि मागे रॉकेलची पिंपं दिसायला लागली. घड्याळात पाहिलं, साडेतीन. भट्टीवर माझं काहीच काम नव्हतं, तरी उठलो आणि निघून आलो. ती बोट आली की नाही, मला माहीत नाही. पत्राने कळवू नका, येऊन सांगा. स्टूल पुसून ठेवलंय.