बाबांची कवळी

बाबा,

कामावर निघालेय. कचरा बांधताना कागदात गुंडाळलेलं गाजर अन् फरसबी सापडली, अर्धवट चावलेली. मग पेल्यातली तुमची कवळी पाहिली. तिची कड तुटलीय.

आणि काल मी आत्यासमोर म्हणाले, "भाज्या दिसल्या की बाबा लहान मुलासारखं तोंड करतात!" तुम्ही नुसतं हसून पाणी प्यायलात.

रोज पाच रंगांच्या भाज्या वाढल्या, पण तुम्ही का खात नाही हे तपासलंच नाही. हट्टीपणा, असा निष्कर्ष काढून मोकळी झाले. फार लाज वाटतेय.

कुकरमध्ये भोपळा, पालक, गाजर मऊ शिजवून घोटून ठेवलंय. कवळी न लावता खा. संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ.

दुखतंय हे आधी का सांगितलं नाहीत, असं विचारणार नाही. मी ऐकलं नसतं.

चिमणी